आधी वजन उतरवावे की आधी शर्यतीत उतरावे?

ऑफ-रोड ट्रायथलॉनची एक नामांकित शर्यत १९९६ मध्ये हवाईतील माउई बेटावर सुरू झाली. 'अॅक्वाटेरा' नावाने भरलेली ती शर्यत पुढे 'एक्सटेरा' म्हणून जगभर पोहोचली. पूर्ण अंतराच्या शर्यतीत साधारण दीड किलोमीटर खुल्या पाण्यात पोहणे, तीसेक किलोमीटर माउंटन बाइक आणि दहा किलोमीटर डोंगरवाटेवरचे धावणे असते. गोव्यात २०१९ मध्ये 'आयर्नमॅन ७०.३' सुरू झाल्यापासून मराठी हौशी खेळाडूंना ट्रायथलॉन परिचयाचे झाले आहे. मात्र ते डांबरी रस्त्यावरचे. डोंगरातल्या ट्रायथलॉनकडे वळताना अंगाने जड असलेल्या नवशिक्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो: आधी वजन उतरवावे, की आधी शर्यतीत उतरावे?

'आधी वजन' म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. चढ हिशेबात सूट देत नाही. तेरा किलोच्या सायकलवर सत्तर किलोचा स्वार असेल, तर चढावर एकूण ८३ किलो वाहून न्यावे लागतात. स्वार शंभर किलोचा असेल, तर ११३. तीच टेकडी चढायला दुसऱ्याला सुमारे ३६ टक्के अधिक ऊर्जा खर्चावी लागते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायांवर येतो. गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल, वयस्क व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या २००५ मधील एका अभ्यासात उतरलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी कमी झाल्याचे आढळले. ही माणसे शर्यतपटू नव्हती, तरीही वजन आणि सांधे यांचे नाते त्यातून स्पष्ट होते. उष्णतेचाही प्रश्न आहे. जड शरीर अधिक उष्णता निर्माण करते, पण ती बाहेर टाकणारे त्वचेचे क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून दमट हवेत जड स्पर्धक लवकर थकतो.

दुसरीकडे, 'आधी शर्यत' म्हणणाऱ्यांचा अनुभवही खोटा नाही. 'वजन उतरले की नाव नोंदवू' असे म्हणणाऱ्यांच्या बाबतीत तो दिवस पुष्कळदा उगवतच नाही. शर्यतीची तारीख ठरली की सरावाला कारण मिळते आणि आठवड्याला आकार येतो. शिवाय डोंगरवाट नवख्याला काही बाबतींत रस्त्यापेक्षा सोपी जाते. तीव्र चढावर सायकल ढकलत नेणे नियमात बसते आणि तिथे चांगले-चांगलेही उतरून चालतात. डांबरापेक्षा माती पायांना मऊ लागते, चढावर चालण्यात कुणी कमीपणा मानत नाही, आणि वाट सतत बदलत असल्याने लक्ष घड्याळाकडे कमी जाते.

मात्र तीच माती घोट्याला आणि गुडघ्याला धोक्याचीही आहे. सुटे दगड, मुळे आणि ओली लाल माती यांवर तोल सावरताना जास्तीचे वजन चूक माफ करत नाही. उतारावर हा फरक आणखी जाणवतो. जड स्वाराला वेग आपोआप मिळतो. पण तो आवरताना ब्रेक अधिक तापतात, टायरमधली हवा कमी असेल तर रिम दगडावर आपटून ट्यूब फुटते, आणि पुढचे सस्पेन्शन वजनाप्रमाणे लावले नसेल तर ते तळाला जाऊन टेकते. या अडचणींवर उपाय आहेत. टायर रुंद घेता येतो, हवेचा दाब आणि सस्पेन्शन वजनाप्रमाणे जुळवता येते, आणि उत्पादकाने दिलेली सायकलची वजनमर्यादा खरेदीपूर्वी पाहता येते. फक्त ही कामे शर्यतीच्या आदल्या रात्री होणारी नव्हेत.

पाण्यात मात्र चित्र उलटे दिसते. शरीरातली चरबी तरंगायला मदत करते आणि थंडीपासून काहीसा बचाव करते. अनेक जड नवशिके इथेच सर्वांत निवांत असतात. पण जिथे ते निवांत असतात, तिथेच खरा धोका दडलेला असतो. अमेरिकेतील २००६ ते २००८ या काळातील ट्रायथलॉन मृत्यूंचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १४ मृत्यूंपैकी १३ पोहताना झाले होते, आणि ज्या नऊ जणांचे शवविच्छेदन झाले त्यांपैकी सात जणांत हृदयाचे दोष आढळले. एकूण प्रमाण लाखात दीड इतके, म्हणजे फार थोडे. तरीही या आकड्यांपुढे गुडघ्याची चर्चा मागे पडते. तराजूवरचा आकडा वेग सांगतो, सुरक्षितता सांगत नाही. ती हृदयाची तपासणी आणि खुल्या पाण्यातला सराव यांतून कळते, आणि हे बारीक माणसालाही तितकेच लागू आहे.

आयोजकांच्या बाजूनेही दोन रास्त मते आहेत. वेळमर्यादा शिथिल करावी, असे नवशिके म्हणतात. परंतु जंगलातल्या वाटेवर शेवटच्या स्पर्धकापर्यंत स्वयंसेवक, वैद्यकीय मदत आणि उजेड टिकवावा लागतो. मर्यादा हा आयोजकांचा हेका नसतो, ती त्यांची जबाबदारी असते. अमेरिकेत काही शर्यतींमध्ये जड स्पर्धकांसाठी ऐच्छिक गट असतात: साधारण शंभर किलोंवरील पुरुषांसाठी 'क्लाइड्सडेल' आणि ७५ किलोंवरील स्त्रियांसाठी 'अथीना'. काहींना तो सन्मान वाटतो, काहींना शिक्का. ऐच्छिक असल्यामुळे हा तोडगा बराचसा न्याय्य आहे. पण वेगळे बक्षीस दिल्याने चढ कमी होत नाही.

आणखी एक देवघेव फारशी कुणी मोकळेपणी सांगत नाही. वजन उतरवायचे तर खर्चापेक्षा कमी खावे लागते. दीर्घ सराव पेलायचा तर पुरेसे खावे लागते. दोन्ही एकदमच जोरात करायला गेल्यास सराव फसतो, दुखापत होते किंवा दोन्ही सुटतात. म्हणून 'आधी वजन' म्हणणारे आणि 'आधी शर्यत' म्हणणारे, दोघेही आपापल्या जागी बरोबर असून एकाच वेळी पूर्ण बरोबर असू शकत नाहीत. क्रम ठरवावाच लागतो.

सर्व बाजू तोलल्यावर आमचा कल शर्यतीत उतरण्याकडे आहे. मात्र पहिली शर्यत नामांकित आणि पूर्ण अंतराची नसावी. निम्म्या अंतराची 'स्प्रिंट' शर्यत वजनामुळे टाळण्यासारखी नाही, आणि पूर्ण अंतराची अवघड शर्यत केवळ उत्साहापोटी गाठण्यासारखी नाही. आधी काही महिने सराव वाढवावा, आहाराची घडी बसवावी, वजन उतरेल तेवढे उतरू द्यावे, पण त्याची अट घालू नये. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: हृदयाबाबत डॉक्टरांचे मत, वाटेवर एकूण किती मीटर चढ आहे, आणि प्रत्येक टप्प्याची वेळमर्यादा. आपला सरावातला सर्वांत मंद दिवसही त्या मर्यादेत बसत असेल, तर वजनाचा आकडा बाजूला ठेवून अर्ज भरावा. बसत नसेल, तर यंदा ती शर्यत सोडून लहान शर्यत घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.