पाटीवरून पारख

गाजलेला चित्रपट पुन्हा काढला जाणार अशी वार्ता आली की चित्रपटप्रेमींत दोन तट पडतात. पहिल्या तटाला मूळ कृती ही देवघरातली मूर्ती वाटते. परक्याने तिला हात लावणे हाच मुळी विटाळ. दुसरा तट स्वतःला व्यवहारी समजतो. तो निर्मितीसंस्थेची वही उघडतो : हिचे मागचे रिमेक किती चालले, किती पडले, गावाकडची गोष्ट हिला कधी पेलली आहे काय. हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्यातून चित्रपटाविषयी काहीही हाती लागलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. खेद याचा, की साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापकही आपली सगळी हत्यारे घरी ठेवून याच वादात उतरतात.

पहिल्या तटाचा समाचार घेण्यास फार वेळ लागू नये. फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणलेली हरिश्चंद्राची कथाच 'प्रभात'ने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटात पुन्हा सांगितली. १९३६ च्या 'संत तुकाराम'पूर्वीही तुकारामांवर चित्रपट निघालेले होते. म्हणून दामले-फत्तेलालांच्या कृतीला कोणी उष्टी म्हटले नाही. आख्यान, कीर्तन आणि ओवी यांवर पोसलेल्या भाषेत पुनर्कथनाला पाप मानणे हास्यास्पद आहे.

दुसरा तट अधिक फसवा, कारण त्याच्या हाती आकडे असतात. पण निर्मितीसंस्था म्हणजे नेमके कोण? 'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्यास आली, आणि १९४२ साली शांतारामांनी ती सोडून 'राजकमल' काढली. तुतारी तीच राहिली. ती फुंकणारे बदलले. संस्थेच्या नावावर जमा असलेली पुण्याई पुढच्या चित्रपटास वारसाहक्काने मिळते, ही समजूत सावकारी व्यवहारात चालेल; समीक्षेत चालणार नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला आणि दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, शशांक खेतान यांनी त्यावरून 'धडक' केला. 'सैराट'शी झी स्टुडिओजचे नाव जोडलेले होते. 'धडक'च्या निर्मितीत धर्मा प्रॉडक्शन्सच्या सोबतीने तेच नाव आहे. संगीत दोन्हीकडे अजय-अतुल यांचे. तिकीटबारीवर दोन्ही चालले. आता वही उघडणाऱ्यांनी सांगावे : संस्था एक, संगीतकार तेच, यशही दोघांच्या पदरी, मग या दोन कृतींत जे अंतर आहे ते तुमच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहिणार?

ते अंतर जातीचे आहे. 'सैराट'मध्ये जात हा कथेचा एक मुद्दा नसून कथेची जमीन आहे. पाटलाचा पोरगा वर्गात फोनवर बोलतो, शिक्षक हटकतो आणि भर वर्गात मुस्काटात खातो. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. हा तिचा मोकळेपणा खराच, पण त्या मोकळेपणामागे पाटीलकीचे पाठबळ आहे, हे तिला हैदराबादच्या झोपडपट्टीत ते पाठबळ सुटल्यावर कळते. परशा मासेमाऱ्याच्या घरचा, आणि मुलगा पळून गेल्यावर मान खाली घालावी लागते ती त्याच्या बापाला. यातले प्रत्येक दृश्य पुढच्या खुनाची कारणे एकेक करून मांडत जाते.

'धडक' ही गोष्ट उदयपूरला नेतो. मुलीचा बाप राजघराण्याच्या रुबाबातला राजकारणी, मुलाच्या घरचे उपाहारगृह. 'ते उच्च जातीचे' असा ओझरता उल्लेख होतो आणि चित्रपट पुढे सरकतो. उरते ते श्रीमंत मुलगी, बेताच्या परिस्थितीतला मुलगा आणि खानदानाची इज्जत. म्हणजे हिंदी चित्रपटाने शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट. शेवटही बदलला आहे. 'सैराट'मध्ये आईबाप मारले जातात आणि त्यांच्या रक्तात पाय भरलेले मूल मागे राहते. ते कोणाचे, कोणत्या जातीचे, कोण वाढवणार, हे प्रश्न घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल मरतात, मुलगी उरते. धक्का तेवढाच बसतो, प्रश्न मात्र उरत नाही. शेवट बदलला ही आमची तक्रार नव्हे. कारण काढून घेऊन परिणाम तेवढा शिल्लक ठेवला, ही आहे. जातीवाचून दाखवलेला असा खून एका कुटुंबाचा माथेफिरूपणा ठरतो, आणि समाज नामानिराळा सुटतो.

यावर ठरलेले उत्तर असे, की हिंदी प्रेक्षक मोठा, सर्वदूरचा. त्याच्यासाठी स्थानिक तपशील गाळावेच लागतात. हे उत्तर १९३७ सालीच खोटे ठरले आहे. 'कुंकू' 'प्रभात'ने 'दुनिया न माने' म्हणून हिंदीतही काढला. जरठ-कुमारी विवाहाचा जाच आणि नीरेचा नकार, यांतले काहीही हिंदी प्रेक्षकाच्या सोयीसाठी बोथट केले नाही. भाषा बदलली म्हणून भांडण बदलावे लागत नाही.

आणि येथेच वहीवाल्यांची खरी पंचाईत आहे. २०२५ साली धर्मा प्रॉडक्शन्सचे नाव असलेला 'धडक २' आला. मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटाचा हा रिमेक. शाझिया इक्बाल यांनी दिग्दर्शिलेल्या या कृतीत नायक दलित आहे, कायद्याचा विद्यार्थी आहे आणि जातीविषयी चित्रपट उघड बोलतो. परिनिरीक्षण मंडळाने त्यात बदल करायला लावले, यावरूनही तो किती उघड बोलत असावा ते कळते. ज्या पाटीखाली जात पुसली गेली, त्याच पाटीखाली, त्याच शीर्षकाला 'दोन' जोडून, ती परत आली. पूर्वकामगिरीवरून भाकीत करणाऱ्याने दोन्ही वेळा चुकीचेच सांगितले असते.

तेव्हा रिमेकविषयी विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत. मूळ कृतीतले भांडण कोणते होते? नव्या कृतीने ते कोठे नेले? काय गाळले, आणि त्या गाळण्याने कोणाची सोय झाली? भाषांतराचा वा रूपांतराचा तास घेताना आपण विद्यार्थ्यांना हेच विचारतो. शेक्सपिअरचे मराठी नाटक करणाऱ्यास आपण त्याच्या नाटकमंडळीचा गल्ला विचारत नाही. त्याने पात्रांना कोणत्या समाजात आणून बसवले ते पाहतो. मग चित्रपटाशी येताच आपण मुनीम का व्हावे?

निर्मितीसंस्थांना आपल्या वह्या ठेवू द्याव्यात. तो त्यांचा धंदा आहे. प्रेक्षकाने त्यांचा हिशेब फुकटात लिहून देण्याचे कारण नाही, आणि साहित्याच्या अध्यापकाने तर नाहीच नाही.