नॅकच्या हिशेबात गळालेली मुलं कुठे?

नॅकची समिती येणार म्हटलं की महाविद्यालयाच्या भिंती रंगतात, फायली भरतात. राखीव जागा किती भरल्या, शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, हे ही परिषद विचारते. ते चांगलंच आहे. पण निकाल मोजताना शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी उत्तीर्ण किती, एवढंच पाहिलं जातं. दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलेली वस्तीतली मुलगी त्या हिशेबात ना अंशात, ना छेदात. शिष्यवृत्ती येईपर्यंत फी कुठून भरली, याला रकाना नाही. म्हणजे मुलं गळाली तरी निकाल झकास!

फेब्रुवारी २०२५ मध्ये तपासणी समितीतल्याच लोकांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली, तेव्हा श्रेणी विकली जाते का यावर बरीच चर्चा झाली. श्रेणी नेमकं काय मोजते, यावर झाली नाही. आता श्रेणीऐवजी फक्त 'मान्यताप्राप्त आहे की नाही' एवढंच सांगायची पद्धत नॅकने २०२४ मध्ये जाहीर केली आहे. त्यातही हा प्रश्न तसाच राहील.

बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, कारण मुलांना दिवसा नोकरी होती. मुलगा टिकावा, ही काळजी त्यात होती. प्रवेश घेतलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडली, हा आकडा आम्हाला हवा आहे. अनुदानित महाविद्यालयाकडे तो माहिती अधिकारात मागता येतो. या सत्रात आपल्या तालुक्यापासून सुरुवात करू.