'प्रति'ची गोष्ट

मराठीच्या मास्तराला शब्दांचा नाद असायचाच. उपसर्ग शिकवायला लागलो की मी फळ्यावर दोन शब्द लिहितो : प्रतिनिधी आणि प्रतिसरकार. दोन्ही आमच्या साताऱ्याच्या मातीतले. औंधचे पंतप्रतिनिधी आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार! पहिल्यात 'प्रति' म्हणजे एखाद्याच्या जागी, दुसऱ्यात एखाद्याच्या समोर.

१९४३ ते १९४६ या काळात त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, इंग्रजी अंमलासमोर हे दुसरे सरकार उभे राहिले. त्याची तुफान सेना होती, गावोगाव न्यायदान मंडळे होती. कमी खर्चाची 'गांधी लग्ने' त्याने लावली. लोकांच्या जिभेवर मात त्याचे 'पत्रीसरकार' झाले. कारण गुन्हेगाराच्या तळपायांना मिळणारा प्रसाद!

माझी आजी कुंडलची. तिचे वडील लहानसे सावकार. एका रात्री दाराची कडी वाजली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पेटी उघडली आणि एका शेतकऱ्याच्या जमिनीचे कागद त्याला परत देऊन टाकले. अंगाला कोणी बोट लावले नव्हते. पुढे आजी वडिलांना विचारी, "दादा, कागद भीतीनं दिलेत का मनानं?" दादा नुसते सुपारी कातरीत बसत. अखेरपर्यंत त्यांनी उत्तर दिले नाही.

वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, न्याय तर झाला ना? मग भीतीनं का असेना!"

मी गप्प झालो. मग मला औंध आठवले. कुंडल तेव्हा औंध संस्थानातच होते. सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध असलेले राजे भवानराव यांनी, गांधीजींच्या सल्ल्याने, १९३९ च्या जानेवारीत घटना जाहीर करून आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा हात होता. संस्थान अवघ्या ७२ गावांचे; पण गावच्या पंचायतीपासून कारभार वर चढत गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला तर कैद्यांसाठी भिंतींवाचून वसाहत झाली. तिच्यावरूनच गदिमांना 'दो आँखें बारह हाथ'ची (१९५७) कथा सुचली.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली स्वातंत्र्य पुकारले, पण त्यांची घटना लिहून व्हायला १७८७ उजाडले. आपलेही तसेच. १९४७ साली सत्ता आली, प्रजासत्ताक झाले ते १९५० साली. परक्याला घालवायला एक बळ लागते. तो गेल्यावर आपणच आपल्याला आवरायला दुसरे. कडी वाजवणारे नसते, तर दादांची पेटी उघडली नसती. पण रोज रात्री कडी वाजवून राज्य चालत नाही. ती न वाजताही पेटी उघडावी, यासाठी तर घटना असते.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले. तिला पटले की नाही, कोण जाणे!

आजी सांगे, त्या वर्षी दिवाळीत तो शेतकरी भुईमुगाच्या शेंगांची पाटी घेऊन दारात आला. दादांनी त्याला ओटीवर बसवले, फराळाचे ताट पुढे केले. दोघेही फारसे बोलले नाहीत.

वाचकहो, दादांचे उत्तर कदाचित त्या ताटात असेल.