साथीच्या रोगांचे गणित आणि गणितज्ञ स्त्रीचे स्थान

संसर्गजन्य रोगांशी झुंज देणाऱ्यांची नावे घेताना सामान्यतः वैद्य, परिचारिका आणि लस शोधून काढणारे शास्त्रज्ञ ह्यांचे स्मरण होते. रोगाच्या प्रसाराचा हिशेब कागदावर मांडणारा गणितज्ञ ह्या नामावळीत क्वचित येतो; आणि तो गणितज्ञ स्त्री असेल, तर त्याहूनही क्वचित. वस्तुतः ह्या शास्त्राच्या पायाभूत लेखांपैकी दोन लेखांवर एका स्त्रीचे नाव आहे. तिच्या कारकीर्दीपासून घेण्याजोगा बोध वाराणसीसारख्या विद्याकेंद्रास आज विशेष उपयोगी पडेल.

हे गणित एका साध्या निरीक्षणावर उभे आहे. अपघातात आज किती माणसे सापडली, ह्यावर उद्याच्या अपघातांची संख्या अवलंबून नसते. देवी, प्लेग किंवा हिवताप ह्यांचे तसे नाही. आज जितके रोगी अधिक, तितका उद्या निरोगी माणसाला असलेला धोका अधिक. समजा, एका रोग्यापासून सरासरी दोघांना लागण होते. मग एकाचे दोन, दोहोंचे चार, असे होत दहाव्या पायरीस १,०२४ नवे रोगी होतील. हेच प्रमाण ०.९ पर्यंत उतरले, तर शंभर रोग्यांपासून आरंभ झाला तरी दहाव्या पायरीस सुमारे ३५ नवे रोगी उरतील आणि साथ ओसरत जाईल. म्हणजे प्रसाराची प्रत्येक वाट बंद करणे आवश्यक नसते. प्रमाण एकाच्या खाली आणून ते तेथे टिकविणे पुरेसे असते. ते कोणत्या उपायाने आणि किती काळात खाली येईल, हे ठरविणे हेच ह्या गणिताचे प्रयोजन होय.

हा विचार व्यवस्थित मांडण्याचे श्रेय प्रथम सर रोनाल्ड रॉस ह्यांच्याकडे जाते. रॉस ह्यांचा जन्म १८५७ मध्ये अल्मोडा येथे झाला. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे त्यांनी डासाच्या शरीरात हिवतापाचा परोपजीवी शोधून काढला आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे साथींच्या सामान्य सिद्धांतावर त्यांनी तीन भागांचा एक प्रबंध लिहिला. पहिला भाग १९१६ मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. १९१७ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांवर मात्र सहलेखिका म्हणून हिल्डा फीबी हडसन ह्यांचे नाव आहे.

हडसन ह्यांचा जन्म १८८१ मध्ये केंब्रिज येथे झाला. १९०३ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या प्रतिष्ठित परीक्षेत त्यांचे गुण सातव्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याच्या बरोबरीचे होते. तथापि त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडावे लागले. हडसन ह्यांनी आपली पदवी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून घेतली. बर्लिन येथे काही काळ अध्ययन करून त्यांनी न्यूनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले आणि १९१३ पासून त्या लंडनजवळच्या वेस्ट हॅम येथील तंत्रशिक्षणसंस्थेत शिकवू लागल्या. ह्याच काळात रॉस ह्यांच्यासमवेतचे त्यांचे कार्य झाले. रॉस ह्यांच्यापाशी रोगाचे ज्ञान होते, आणि समीकरणांचे शिक्षण हडसन ह्यांच्यापाशी होते. दोघांचे एकत्र येणे शास्त्राला लाभदायक ठरले, परंतु ते अल्पकाळ टिकले. महायुद्धाच्या काळात हडसन विमानबांधणीच्या गणिताकडे वळल्या. त्या कार्याबद्दल १९१९ मध्ये त्यांचा शासकीय सन्मानही झाला. नंतर त्या आपल्या आवडत्या भूमितीकडे परतल्या आणि १९२७ मध्ये त्या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साथींच्या गणिताशी त्यांचा संबंध पुन्हा आला नाही. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९२७ ह्याच वर्षी कर्मॅक आणि मॅकेंड्रिक ह्या दोघांनी साथींविषयीचा आपला सुप्रसिद्ध लेख प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत अधिकारी होते. समीकरणांच्या कसोटीसाठी त्यांनी घेतलेले आकडे मुंबईतील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ ह्या काळातील होते. आजही साथींचे गणित शिकणारा विद्यार्थी त्या आलेखापासून आरंभ करतो. मुंबईच्या दुःखाचे आकडे अशा रीतीने जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले, पण १९१७ आणि १९२७ ह्यांमधील दशकात हडसन ह्यांचे कार्य पुढे चालविण्यासाठी जी जागा असावयास हवी होती, ती कोणत्याही संस्थेने निर्माण केली नव्हती.

ही अडचण केवळ परदेशातील किंवा केवळ जुन्या काळातील नव्हे. मराठी वाचकांस परिचित असलेल्या डॉ. मंगला नारळीकर १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून सुवर्णपदकासह एम. ए. झाल्या, त्यांना डॉक्टरेट मिळाली ती १९८१ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत संसार होता, मुलींचे संगोपन होते. बुद्धी आणि चिकाटी ह्यांच्या बळावर त्यांनी खंडित झालेला धागा पुन्हा जोडला. प्रत्येकीकडून अशा असाधारण चिकाटीची अपेक्षा करणे ही सुव्यवस्था नव्हे. साथींच्या गणितात तर खंड विशेष घातक ठरतो, कारण तेथे वैद्य, आकडेवारी आणि गणितज्ञ ह्यांचा विश्वास वर्षानुवर्षांच्या सहवासाने जमलेला असतो.

वाराणसीचा विचार येथे प्रस्तुत होतो. गणिताची परंपरा ह्या नगरीला नवी नाही. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री ह्यांनी १९ व्या शतकात येथील संस्कृत महाविद्यालयात गणित शिकविले. काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला १९१६ मध्ये, म्हणजे रॉस ह्यांच्या प्रबंधाचा पहिला भाग निघाला त्याच वर्षी, बसविण्यात आली. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून तेथे गणिताचे प्राध्यापक होते. महिला महाविद्यालयाची स्थापना १९२९ ची. त्याच आवारात वैद्यकीय संस्थाही आहे, आणि काळा आजार ह्या रोगावर तेथील डॉ. श्याम सुंदर व त्यांचे सहकारी ह्यांनी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे केलेले संशोधन जगभर मान्यता पावले आहे. औषधाच्या एकाच मात्रेने हा रोग बरा करता येतो, हे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दाखविले.

वालुमाशीच्या दंशाने पसरणारा हा रोग आता पुष्कळ ओसरला आहे. दर १०,००० लोकवस्तीमागे वर्षाला एकाहून कमी रोगी, हे त्याच्या निर्मूलनाचे प्रमाण ठरले आहे. परंतु बरे झालेल्या काही रोग्यांच्या त्वचेवर कित्येक महिन्यांनी वा वर्षांनी डाग उमटतात, आणि त्यांच्यापासून वालुमाशीला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. असे किती रोगी असले म्हणजे साथ परत येईल आणि फवारणी किती वर्षे चालू ठेवावी, ह्यांची उत्तरे रुग्णालयात एकट्याने सापडत नाहीत. त्यांसाठी प्रतिमान मांडावे लागते. ह्या प्रश्नांवरील अनेक प्रतिमाने रॉटरडॅम, वॉरिक आणि ऑक्सफर्ड येथे तयार झाली, आणि त्या कार्यात डेअर्ड्री हॉलिंग्जवर्थ व एप्के ले रुट ह्या संशोधिकांचा वाटा मोठा आहे. तेथील संस्थांनी ह्या कामासाठी जागा निर्माण केल्या, म्हणून ते घडले.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, गणिती अनुमाने चुकतात. आक्षेप खरा आहे. कोविडची साथ लवकरच आटोक्यात येईल, असे २०२० च्या अखेरीस भारतात वर्तविले गेले होते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसऱ्या लाटेने ते खोटे ठरविले. प्रतिमान हे त्यात गृहीत धरलेल्या गोष्टींइतकेच विश्वसनीय असते. संकट कोसळल्यावर घाईने जमविलेल्या मंडळींना ती गृहीते तपासावयास अवकाश नसतो. जी गणितज्ञ दहा वर्षे त्याच जिल्ह्यांचे आकडे पाहत आली आहे, तिला कोणता आकडा संशयास्पद आहे हे कळते. म्हणून चुकांचा हा इतिहास ह्या विद्येला स्थैर्य देण्याच्याच बाजूने बोलतो.

ह्यासाठी मोठ्या इमारतीची आवश्यकता नाही. गणित विभाग आणि वैद्यकीय संस्था ह्यांच्या संयुक्त नियुक्तीचे एक कायम पद, एक आकडेवारी-सहायक, आणि अपत्यसंगोपनासाठी रजा घेणारीला त्याच पदावर परतण्याची लेखी हमी, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. पदासाठी निवड गुणांवरच व्हावी. पण हमी अशी असावी की, निवडली गेलेली स्त्री दोन लेखांनंतर दिसेनाशी होणार नाही. बिहार आणि पूर्वांचलातील रोगांचे आकडे वाराणसीच्या वैद्यांकडे जमा होतात. त्यांचा हिशेबही वाराणसीतच मांडला जाणे उचित होय.