हस्तलिखिते लंडनला, वाचक नागझिऱ्याला

नागझिऱ्याच्या जंगलाकडेला राहणाऱ्या आमच्यासारख्यांना जुनी हस्तलिखिते पाहायची तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठावी लागते. विजापूरच्या आसार महालात उरलेली अरबी-फारसी हस्तलिखिते तर इंग्रजांनी 1853 साली लंडनलाच नेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पानांचे फोटो इंटरनेटवर आले की अभ्यासकाचा हा प्रवास वाचतो. पण ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली ऑनलाइन हस्तलिखिते कितीतरी महिने दिसेनाशी झाली. फोटो एकाच ठिकाणी असले तर पुन्हा कुलूपच की!

आता केंद्राचे ज्ञान भारतम् मिशन आले आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 1 कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन जाहीर झाले. त्यात खासगी संग्रहही आहेत, म्हणजे आपल्या घरातल्या पेट्याही. कागद मागितला की आज आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हे खोटे नाही. आमचे मत असे : फोटो जरूर काढू द्यावेत, पण मूळ वही घरातच राहावी, फोटोंची एक प्रत आपल्याकडे असावी आणि ते सर्वांना मोफत पाहता येतील, हे लेखी घ्यावे.

आमच्या दादांच्या बयाजची चार पाने वाळवीने खाल्ली. उरलेली मोबाइलवर टिपायला बसलो आहोत.