शिक्षेविरुद्ध अपिलाची मुदत उलटली, तर दार कायमचं बंद होतं का?

फौजदारी खटल्यात शिक्षा झाली आणि अपील वेळेत करायचं राहून गेलं, तर पुढे काय? अपील तरीही करता येतं, पण आधी न्यायालयाकडून उशीर माफ करून घ्यावा लागतो.

मुदत किती असते?

समजा, उमेळ्यातल्या एखाद्याला वसईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा सुनावली. त्याचं अपील सत्र न्यायालयात जातं आणि त्यासाठी ३० दिवस मिळतात. शिक्षा सत्र न्यायालयाने दिली असेल, तर अपील मुंबई उच्च न्यायालयात होतं. तिथे मुदत ६० दिवस, फाशीच्या शिक्षेत मात्र ३० दिवस. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला आवश्यक वेळ यातून वगळला जातो.

उशीर झाला तर?

अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ नुसार ‘पुरेसं कारण’ दाखवलं, तर न्यायालय उशीर माफ करू शकतं. पण तो हक्क नाही. उशीर किती दिवसांचा, यापेक्षा तो का झाला याला जास्त महत्त्व असतं. म्हणून आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, प्रत उशिरा मिळाली असेल तर अर्जाच्या आणि प्रत मिळाल्याच्या तारखा जोडाव्यात. ‘कायदा माहीत नव्हता’ एवढ्यावर सहसा भागत नाही.

इथे दिवस मोजण्यामागे कारण आहे. अपील प्रलंबित असेल, तर शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. अपीलच नसेल, तर शिक्षा भोगणं सुरू राहतं.

तुरुंगात असलेल्याचं काय?

महाराष्ट्रातलंच होस्कोट प्रकरण यासाठी महत्त्वाचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये आरोपीची शिक्षा वाढवून तीन वर्षं केली. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला चार वर्षांहून अधिक काळाने, पूर्ण शिक्षा भोगून झाल्यावर. निकालाची प्रत दिली होती, असं येरवडा तुरुंगाचं म्हणणं. पण कैद्याच्या सहीची पोच नव्हती. त्याची याचिका १९७८ मध्ये फेटाळली गेली. मात्र त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं, की कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि मोफत द्यावी, त्याची लेखी पोच घ्यावी आणि गरज असल्यास मोफत वकील मिळावा.

आज कैदी तुरुंग अधिकाऱ्यांमार्फत अपील पाठवू शकतो. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.