बाटलीचे पैसे आले, पऱ्हाटीचे कोण देणार?



मागच्या पोळ्याला आमच्या घरी बोंडअळीच्या औषधाच्या चार बाटल्या आल्या. कृषी केंद्रातून नव्हे, धाकट्या भावाने मोबाईलवर मागवल्या होत्या. नाव मोठ्या कंपनीचे, भाव बाटलीमागे दोनशे रुपयांनी कमी. पावसाने उसंत दिली नाही म्हणून फवारणी तीन आठवड्यांनी झाली. अळी मेली नाही. त्या कंपनीचा माणूस गावात आला, त्याने बाटली उलटून पाहिली आणि म्हणाला, "हा माल आमचा नाही." विकणाऱ्या बाजाराकडे तक्रार केली तर उत्तर आले, "माल परत करण्याची मुदत सात दिवसांची होती, ती संपली."

सात दिवस! चप्पल पायाला होते की नाही हे सात दिवसांत कळते. औषधाचा गुण फवारल्यावर कळतो आणि बियाण्याची जात बोंड धरल्यावर. कंपनीचे घड्याळ सात दिवसांचे, पऱ्हाटीचे पाच-सहा महिन्यांचे. आमच्या पिकाने कोणाच्या घड्याळाने चालावे?

हे सात दिवस कंपनीचे आहेत, कायद्याचे नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत दिली आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नकली माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. "आम्ही फक्त मध्यस्थ" असे म्हणणाऱ्या बाजारालाही तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निकाल महिन्याभरात. लेखी मागितले तर विक्रेत्याचा पत्ताही द्यावा लागतो. अडत घेताना पुढे आणि भांडण आले की मागे, ही मध्यस्थी कापूस विकणाऱ्याला नवीन नाही.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. काही दिवसांनी बाटल्यांचे पैसे परत आले. गावात लोकांनी अभिनंदन केले. अभिनंदन कसले? चार एकरांची फवारणीची मजुरी गेली, अळीने बोंडे पोखरली, हंगाम गेला. बाटलीची किंमत हा त्या नुकसानीतला सर्वात लहान आकडा होता. तेवढा टाकून विकणारा मोकळा होणार असेल तर नकली माल विकणे हा बिनधोक्याचा धंदा आहे.

म्हणून पैसे घ्या, पण "पूर्ण आणि अंतिम समझोता" लिहून देऊ नका. पिकाच्या नुकसानीचा दावा कायम आहे, असे लेखी कळवा. तो दावा जिल्हा ग्राहक आयोगात करता येतो. कंपनी मुंबईची असो की बंगळूरची, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नागपुरात, तिला उत्तर द्यावे लागते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही.

पण पुरावा आपला आपण जपायचा. आम्ही चारही बाटल्या फोडल्या, ती आमची चूक. एक बाटली सील न फोडता, लेकराबाळांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. बिल, लेबल, मोबाईलवरच्या जाहिरातीचा फोटो ठेवा. पीक उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. बियाण्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले की शेतकरी हा ग्राहकच आहे आणि पेरणारा शेतकरी तपासणीसाठी बी राखून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही. तरी पाकीट आणि बिल फेकू नका.

आता एक कडू गोष्ट. बिल नसेल तर यातले बरेचसे हातातून जाते. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला सरकारने मंजुरी दिलेली नाही, म्हणून ते बियाणे चोरवाटेने येते. चोरवाटेवर पावती मिळत नाही. पाकिटात खरे वाण निघाले की सरकी, हे विचारायला दारच उरत नाही. बंदीने बियाणे थांबले नाही. थांबली फक्त शेतकऱ्याची दाद.

आणखी एक इन्स्पेक्टर नेमा, ही आपली मागणी नाही. बाजार खुला असावा, मोबाईलवरचाही असावा. पण ज्याने विकले त्याने पिकापर्यंत जबाबदारी घ्यावी. निविष्ठांच्या तक्रारीची मुदत माल हाती पडल्यापासून नव्हे, दोष दिसल्यापासून मोजावी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकर मारबत आणि बडगे काढून गावची पीडा घालवतात. नकली मालाची पीडा मिरवणुकीने जाणार नाही, अर्जाने जाईल. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्याच्याकडे असे बिल, असे पाकीट आहे त्याने ते सोबत आणावे. अर्ज तिथेच बसून लिहू. एकट्याचा अर्ज फाईलमध्ये पडून राहील. पन्नास जणांचे अर्ज एकाच दिवशी गेले तर त्या सात दिवसांच्या घड्याळाला पहिल्यांदा कोणीतरी किल्ली देईल.